वाडगा रिकामा पाठवू नये

पहिल्यांदा तो मासा बघितला तेव्हा मला वाटलं, हा जिवंत आहे. पसरट काचेच्या वाडग्यात सॅलडच्या पानांवर आडवा पडला होता. अंगाचा रंग हिरड्यांसारखा गुलाबी, खवल्यांच्या जागी काकडीच्या पातळ चकत्या, आणि डोळा म्हणून ऑलिव्हचा एक काळा तुकडा. शेजारणीने वाडगा माझ्या हातात दिला तशी त्याच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत एक थरथर गेली. माझ्याही अंगातून गेली.

"खास तुमच्यासाठी केलाय," ती म्हणाली. "फार मसालेदार नाही, घाबरू नका."

आयर्लंडमधल्या लेटरकेनीला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. नवऱ्याला तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मी नि मुलगी त्याच्यामागून सामान घेऊन आलो. गावाच्या टोकाला जोडघरांची वसाहत होती. आमच्या घराच्या भिंतीला चिकटून हिचं घर. ऐंशीला टेकलेली, काटक, आयुष्यभर मुलींच्या शाळेत स्वयंपाक शिकवून निवृत्त झालेली. नवरा वारला होता. बैठकीत पियानो, परसात चारपाच कोंबड्या, आणि स्वयंपाकघरात पितळेच्या नि टिनच्या साच्यांनी भरलेली दोन कपाटं. ही कपाटं मी नंतर पाहिली. आधी पाहिली असती तर घर दुसरीकडे घ्यायला लावलं असतं.

दार लावून मी वाडगा टेबलावर ठेवला. नवरा वाकून बघायला लागला. तो पुण्याच्या शाकाहारी घरातला. माझं माहेर गिरगावातलं, मूळचे आम्ही मालवणकडचे.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"मासा आहे. डब्यातल्या सॅमनची जेली करून पुन्हा माशाच्या साच्यात ओतलीय."

"म्हणजे जिलेटिन," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "अगं, जिलेटिन म्हणजे हाडं नि कातडी उकळून काढलेला चिकटा. मी नाही खाऊ शकत, सॉरी. तू खातेस की मासे!"

लग्न झाल्यापासून ज्या माणसाने माझ्या माशांच्या वासाबद्दल नाकं मुरडली, त्याला त्या दिवशी माझ्या मत्स्याहाराचं केवढं कौतुक! माझ्यापाशी सुटकेचा कुठलाच रस्ता नव्हता. मी मासे खाते, चिकन खाते, माझा धर्म मला या बाबतीत काडीची मदत करत नाही. मी एक चमचा घेतला.

थंड होतं. खारट, त्यात मध्येच गोडसर, आणि दातांना करायला कामच नव्हतं. मी चावायचं मनात आणेपर्यंत ते आपलं आपण घशाकडे निघालं होतं. मी धावत जाऊन सिंकमध्ये थुंकले, वर नळ सोडला. आमच्याकडचा ओला बोंबीलसुद्धा असाच लिबलिबीत असतो, पण आम्ही त्याला पाट्याखाली दाबतो, पाणी काढतो, रवा लावून कुरकुरीत तळतो. म्हणजे त्या लिबलिबीतपणाचा बंदोबस्त करतो. इथे तो मुद्दाम, मेहनत घेऊन, साच्यात घालून आणला होता.

मासा ओल्या कचऱ्याच्या ब्राउन बिनमध्ये गेला. पडतानाही फुटला नाही मेला. अख्खाच्या अख्खा, डोळ्यासकट, बटाट्याच्या सालींवर जाऊन बसला आणि थरथरला. मी झाकण लावलं.

इथेच सगळं संपायला हवं होतं. पण वाडगा राहिला. आणि वाडगा धुऊन पुसून हातात घेतल्यावर मला माझ्या आईचा आवाज ऐकू आला. दुसऱ्याच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत पाठवू नये. साखर घाल, दोन केळी ठेव, काही नसेल तर मूठभर तांदूळ घाल, पण रिकामं नको. चाळीत अर्ध्या भांड्यांचा मुक्काम कायम दुसऱ्याच्या घरी असायचा तो याच नियमापायी. मी बेसनाचे लाडू केलेच होते. वाडग्यात लाडू रचले, वर जाळीचं झाकण ठेवलं आणि भिंतीपलीकडे देऊन आले.

ती लाडवांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "म्हणजे तुम्हाला एवढा आवडला?"

आता काय सांगणार? "ग्रँड होता," मी म्हटलं. हा शब्द मी आदल्याच दिवशी शिकले होते. हवा, तब्येत, अपघात, मरण, सगळ्याला तिथे ग्रँड चालतं.

पुढच्या गुरुवारी वाडगा परत आला. या खेपेला रासबेरीच्या लाल जेलीत बीट होतं. उकडलेलं, व्हिनेगरमधलं बीट. वाडगा रिकामा पाठवू नये म्हणून मी चिवडा भरून दिला. त्याच्या पुढच्या गुरुवारी हिरवी, लिंबाच्या चवीची गोड जेली आली. तिच्या पोटात किसलेलं गाजर, कोबी आणि ट्यूना. तिच्या आईला बॉस्टनच्या मावशीने धाडलेल्या मासिकांतली ती कृती होती म्हणे, सत्तर वर्षांपूर्वी घरोघर असं करायचे. मी शंकरपाळे दिले. मग उभं कापलेलं अंडं, पारदर्शक खारट रश्शात गोठवलेलं, म्युझियममध्ये ठेवतात तसं. अंडी तिच्याच कोंबड्यांची. "बलकाचा रंग बघितलास? हल्ली कोंबड्या फार मजेत आहेत," ती अभिमानाने म्हणाली. खरंच पिवळाजर्द होता. तेवढ्या रंगाचं मलाही कौतुक वाटलं आणि मग मी तो बिनमध्ये टाकला.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मी जितकं मन लावून वाडगा भरून देई तितकी तिला खात्री पटत जाई, आणि तितक्याच उत्साहाने दर बुधवारी भिंतीपलीकडे साच्यांचे आवाज सुरू होत. बुधवारी रात्रीच मी बिनमध्ये जागा करून ठेवी. एकदा जीभ आली. बैलाची, उकडून, वळवून, तपकिरी जेलीत बसवलेली. जिभेवरचे बारीक दाणे दिसत होते. त्या दिवशी मी जेवले नाही. एकदा तिने सगळ्याच्या वर मेयॉनीजने माझ्या मुलीचं नाव लिहून पाठवलं. मुलगी शाळेतून आली, वाडग्यात स्वतःचं नाव थरथरताना पाहिलं आणि दप्तर न काढता वर पळाली.

"मॅम, जस्ट टेल हर," ती जिन्यावरून ओरडली. तिथे आईला मॅम म्हणतात. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र तिथल्या हेलातल्या इंग्लिशमध्ये येतं.

"तू सांग जाऊन."

"नो वे. शी इज लव्हली."

तेच तर होतं. नुसती वाईट बाई असती तर पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळी झाले असते. माझा स्वभाव काही गरीब नाही. गिरगावात भाजीवाले मला बघून वजनकाटा पुसायचे. पण त्या पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारलाच काळोख पडायचा, नवरा ड्युटीवर, मुलगी शाळेत, मी व्हिसावर नुसती कुणाची तरी बायको, आणि बस म्हणजे कधीतरी दिसणारी वस्तू. गाडी चालवता आली नाही तर तिथे माणूस घरातच संपतो. गाडी मला या बाईने शिकवली. स्वतःची जुनी गाडी काढून शेजारी बसायची आणि प्रत्येक वळणावर किंचाळायची, "सेकंड! सेकंड गिअर, पेट!" पेट म्हणजे आपल्याकडचं बाळ. मला चाळिशीच्या बाईला बाळ म्हणणारं दुसरं कोण होतं त्या देशात? आई गेली तेव्हा तिकीट मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या दिवशी ही भिंतीपलीकडून आली, सोफ्यावर माझ्याजवळ बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

मला जेली नको होती आणि ती बाई हवी होती. माझं दुखणं एवढंच होतं. एक टाकायचं तर दुसरी जाईल ही भीती.

भीतीपोटी माणूस काय काय करतो! तिने जेवायला बोलावलं तेव्हा मी चटकन म्हटलं, "आज माझा उपास आहे." ती कॅथलिक, ईस्टरच्या आधी लेंटमध्ये कडक उपास धरणारी. तिच्या डोळ्यांत असा आदर आला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण युक्ती सापडली ती सापडली. ती रविवारी बोलवायची, मी रविवार करायचे. गुरुवार तर होताच. एकादशी मी आयुष्यात धरली नव्हती, लेटरकेनीला माझ्या महिन्याला चार चार एकादश्या व्हायला लागल्या. तिच्या घरी चहा घ्यायचे, तोही बिस्किटाशिवाय. तिच्या लेखी आमच्या धर्मात जेवायलाच बंदी असावी. "मग घरी ने आणि उपास सुटला की खा," म्हणून ती वाडगा झाकून द्यायची. अशी काही वर्षं गेली. वाडगा भिंतीच्या अलीकडे पलीकडे येत जात राहिला.

एका मार्चमध्ये भिंतीतून पियानो ऐकू यायला लागला. एकच उडती चाल पुन्हा पुन्हा, मध्येच थांबायची आणि तिचं स्वतःशीच हसणं. मी विचारलं तर म्हणाली, गावच्या हॉलचं छप्पर गळतंय, त्यासाठी कॅबरे आहे. कॅबरे ऐकून माझ्या डोळ्यांपुढे पिसं लावलेल्या नट्या आल्या. तसं काही नसतं. हॉलमध्ये छोटी छोटी टेबलं मांडतात, बाटल्यांत मेणबत्त्या लावतात, आणि गावातलीच माणसं एकामागून एक गाणी, नकला, नाच करतात. मध्यंतरात चहा आणि लॉटरी.

"मी विनोदी गाणं लिहिलंय," ती म्हणाली. "पुढच्या टेबलावर बस. त्यात तू आहेस."

मला कोण आनंद झाला. शनिवारी मी ठेवणीतली हिरवी पैठणी नेसले, वरून जाड कोट. गाडी मी चालवली, ती शेजारी निळा मखमली झगा घालून, मांडीवर गाण्याचे कागद. नवरा ड्युटीवर होता आणि मुलगी मैत्रिणींबरोबर मागच्या टेबलावर बसली.

ती पियानोवर बसली आणि सांगायला लागली, की आमच्या लहानपणी पाद्री घरोघर येऊन प्रार्थना म्हणायचा. मग त्याला न्याहारी द्यायची, आणि प्रत्येक घरची बाई दुसरीपेक्षा भारी काहीतरी करायला बघायची. आमच्या आईने एकदा जेलीतला मासा केला. एवढं बोलून तिने ती उडती चाल धरली. इंग्लिश गाणं मला मराठीत नीट उतरवता येणार नाही, पण माझ्या डोक्यात ते असं बसलंय:

थरथर थरथर ताटात काय?
मेल्या माशाला फुटले पाय!
बशी हलली, तोही हलला,
पाद्रीबाबा उठून पळाला!

हॉल हसला. मी मात्र ताठ झाले. मासा? कुठला मासा?

बीट बुडाले रासबेरीत,
अंडे अडकले त्याच्या मिठीत.
आई म्हणाली, ‘फॅशन आहे,’
बाबा म्हणाला, ‘कुत्रा कुठे आहे?’

माणसं टेबलं बडवत होती. म्हातारे डोळे पुसत होते, कारण त्यांनीही ते सगळं कधी ना कधी गिळलं होतं. ती जिभेचं कडवं म्हणाली, हिरव्या कोबीचं म्हणाली, प्रत्येक शब्द ओकारी आल्यासारखा तोंड वाकडं करून. भोंडल्यात सासरच्या स्वयंपाकाची टवाळी करणारी गाणी आम्हीही म्हणायचो, त्यामुळे मला गंमत कळत होती. आणि गमतीच्या मागून एक गोष्ट हळूहळू डोक्यात शिरत होती. हिला हे आवडत नाही. हिला या सगळ्याची शिसारी येते, माझ्याइतकीच. मग गुरुवारी मला काय खाऊ घालत होती ही?

तेवढ्यात तिने हात हलके केले आणि माझ्याकडे बघून शेवटचं कडवं म्हटलं.

भिंतीपलीकडे राहते एक बाई,
तिला मात्र याची किळसच नाही!
वाडगा भरून मी देते तिला,
वाडगा भरून ती धाडते मला!

सगळा हॉल माझ्याकडे वळला. टाळ्या, शिट्या. कुणीतरी ओरडलं, "फेअर प्ले टू यू!" म्हणजे तिथलं शाब्बास. पैठणी नेसून मी पुढच्या टेबलावर बसले होते, शोभेला ठेवल्यासारखी. गावात कुत्र्याला घालायचं ते खाणारी एकटी बाई, आणि ती परदेशातून आलेली. माझे कान तापले. म्हणजे इतकी वर्षं माझी थट्टा चालली होती का? भिंतीपलीकडे बसून हसत होती का ही?

मध्यंतर झालं. हॉलच्या समितीचा एक गृहस्थ आतून मोठं ताट घेऊन आला. गाण्याची गंमत म्हणून त्यांनी खरीच जेली केली होती, हिरवं कडं, मध्ये ट्यूना, वर अंड्याच्या चकत्या. तो सरळ माझ्या टेबलाशी आला, केवढा तरी तुकडा कापून बशीत घातला आणि माझ्यापुढे ठेवला. "पहिला मान तुमचा. बाकी कुणाची छाती नाही!" लोक भोवती जमले. ती पियानोपाशी उभी होती, तिथून हसत बघत होती. चमचा माझ्या हातात दिला गेला. बशीतलं ते हिरवं हललं, आणि त्या वासाने वर्षानुवर्षांचं सगळं एकदम माझ्या घशाशी आलं.

मी चमचा खाली आपटला.

"मी हे कधीच खाल्लेलं नाही," मी मोठ्याने म्हटलं. इंग्लिशमध्ये माझा आवाज एरवी बारीक येतो, त्या दिवशी हॉलच्या गळक्या छपरापर्यंत गेला. "एकदासुद्धा नाही. पहिल्या दिवशी एक चमचा घेतला तो थुंकला. बाकी सगळं ब्राउन बिनमध्ये गेलं. मासा, बीट, जीभ, सगळं. घाण आहे ही, घाण!"

हॉल असा हसला की मेणबत्त्या हलल्या. त्यांना वाटलं, हे गाण्यातलंच आहे, आम्ही दोघींनी बसवलंय. तो गृहस्थ तर माझा हात हातात घेऊन हलवायला लागला. हसत नव्हतो त्या फक्त आम्ही दोघी. ती पियानोच्या कडेला हात टेकून उभी राहिली. तिच्या तोंडावरचं हसू गेलं आणि त्या जागी काहीच आलं नाही. मग तिने कागद गोळा केले आणि कोट घालायला गेली.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होते. ती शेजारी. त्या रस्त्यावर एक अवघड चढ आहे, तिथे मी अजूनही चुकते. त्या दिवशीही चुकले. गाडी घरघरली, हिसके द्यायला लागली, बंद पडायची वेळ आली. मी वाट बघत होते. ती पुढे बघत बसून राहिली. "सेकंड" म्हणाली नाही. मीच गिअर बदलला. घरापाशी उतरताना तिने "थँक यू" म्हटलं, टॅक्सीवाल्याला म्हणतात तसं.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "चला, सुंठीवाचून खोकला गेला. आता जेली बंद." मी त्याला असं काही बोलले की तो उशी घेऊन मुलीच्या खोलीत झोपायला गेला. कुठली सुंठ न् कुठला खोकला! सुंठ मी उगाळली होती, भर हॉलमध्ये, आणि त्यात माणूस घालवलं होतं.

राग उतरला तसं मला दिसायला लागलं. थट्टा करायची असती तर ती मला पुढच्या टेबलावर कशाला बसवती? ती गावाला सांगत होती, की तुम्ही सगळे नाक मुरडता ना, माझ्या भिंतीपलीकडे एक आहे, तिला माझ्या हातचं चालतं. आणि मी काय केलं? तिला भरल्या हॉलमध्ये सांगितलं, की तुझ्या हातचं मी कचऱ्यात टाकते. मला रडू आलं. जेलीपायी रडायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी भिंतीतून साच्यांचा आवाज आला नाही. पियानोचाही नाही. गुरुवारी वाडगा आला नाही. येणार कसा, तो माझ्याच प्रेसमध्ये होता. कपाटाला मी आता प्रेस म्हणते, हेही तिनेच शिकवलेलं. आदल्या गुरुवारचा तो वाडगा, धुऊन पुसून ठेवलेला, रविवारी चिवडा करून भरून देईन म्हणून. मी तो काढला आणि ओट्यावर ठेवला. मुलगी नाश्ता करत होती.

"व्हॉट आर यू पुटिंग इन इट?" तिने विचारलं.

भरून दिला तर पुन्हा तिच्यावर परतफेड बसणार, आणि पुन्हा बुधवारी ती साचे काढणार. आमच्या या देण्याघेण्यानेच तर सगळा घोटाळा केला होता. आणि रिकामा देणं मला शिकवलेलंच नाही. डबे उघडत, बंद करत मी दुपारपर्यंत घरात फिरत राहिले. मग आईची मनात माफी मागितली, रिकामा वाडगा पोटाशी धरला आणि भिंतीपलीकडे जाऊन दार वाजवलं.

तिने दार उघडलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग सवयीने वाडग्यात. आत वाकून बघितलं.

"रिकामा?"

"रिकामा," मी म्हटलं. "मी चुकले. तसं बोलायला नको होतं."

"तसं आधीच बोलायला हवं होतंस," ती म्हणाली आणि बाजूला झाली. मी आत गेले. स्वयंपाकघरात वाफ होती, चुलीवर मोठ्या भांड्यात बटाटे उकडत होते. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि बोलायला लागली.

"दर बुधवारी मी मागचं दार उघडं टाकत असे. हिवाळ्यातसुद्धा. नाकाला रुमाल बांधून ते ढवळायचे. आई ते खायला लावायची आणि मी लहानपणी मार पडेपर्यंत रडायचे. शाळेत शिकवावं लागलं म्हणून शिकवलं, आणि निवृत्त झाले तेव्हा साचे कपाटात टाकून कुलूप लावलं होतं."

"मग करत कशाला होता?"

"तुम्ही काय खाता मला ठाऊक नव्हतं. वाटलं, जेलीत काय वाईट असणार, तिखट नाही, गरम नाही. एकदा दिलं नि संपलं. पण तुझा वाडगा भरून आला." ती वळली. "मग म्हटलं, हिला खरंच आवडतंय. आणि ज्या एका बाईला आवडतंय, तिला नाही कसं म्हणायचं, पेट?"

पेट म्हणाली. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"आणि चिवडा?" मी विचारलं. "लाडू तरी?"

आता तिची मान खाली गेली. तिने गालाला बोट लावून दात दाखवले. कवळी होती, वरची नि खालची. लाडू टाळ्याला चिकटतो, चिवडा कवळीखाली जातो आणि टोचतो. पहिल्या दिवशी तिनेही एकच खाल्ला होता. "टाकवेना. मग कोंबड्यांना घातलं. सगळं. शंकरपाळेसुद्धा. फार आवडतं त्यांना."

मला तो पिवळाजर्द बलक आठवला. माझं बेसन, माझी हळद. माझे लाडू तिच्या कोंबड्यांनी खाल्ले, त्याची अंडी तिने जेलीत घातली आणि ती मी माझ्या बिनमध्ये टाकली. मी सांगितलं तर ती हसायला लागली, हसता हसता तिला टेबलाला धरावं लागलं. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसण्याच्या नादात भांड्यातलं पाणी उतू गेलं.

तिने बटाटे निथळले. साली फुटून आतला भुसभुशीत पांढरा गर बाहेर आला होता. ते सगळे तिने माझ्या हातातला वाडगा घेऊन त्यातच ओतले, वर लोण्याचा मोठा तुकडा आणि चिमूटभर मीठ. लोणी वितळून खाली गेलं. काहीही थरथरत नव्हतं. तिने टेबलावर दोन काटे ठेवले, मग एक उचलून हातात धरला आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत या टेबलावर आम्ही दोघींनी मिळून एक घासही खाल्लेला नाही.

"आज गुरुवार," ती जपून म्हणाली. "उपास असेल ना?"

"नाही," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले.